नकाशातला उत्तरेचा बाण

एम.ए.च्या प्रबंधासाठी अंटार्क्टिका घेतला, तेव्हा घरचे म्हणाले, "मे महिन्यात डोंबिवलीत बसून बर्फाचा अभ्यास?" ते चालतं. अडचण वेगळीच निघाली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझ्या नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिल टेकवली. तिथे मी सवयीने उत्तरेचा बाण काढला होता. "ही उत्तर कुठली?" माझी बोबडीच वळली. दक्षिण ध्रुव मध्यभागी असला की बाहेर जाणारी प्रत्येक रेघ उत्तरेलाच जाते. तिथे एकच बाण म्हणजे शुद्ध चूक.

म्हणून तुम्हालाही अंटार्क्टिकाचा अभ्यास करायचा असेल, तर पुस्तकांच्या आधी नकाशाला हात घाला. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात तळाला पसरलेली पांढरी पट्टी विसरा, ध्रुवीय प्रक्षेपण, म्हणजे ध्रुव मध्यभागी ठेवून नकाशा काढायची पद्धत, शिका. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर आणि नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटचा क्वांटार्क्टिका हा नकाशासंच, दोन्ही फुकट मिळतात. महागड्या कोर्सची गरज मला तरी कधी पडली नाही.

मग बर्फ. सगळ्याला 'बर्फ' म्हणून मोकळं होऊ नका. खंडावरचा थर सरासरी 1.9 किमी जाड आहे. तोच सरकत समुद्रावर येऊन तरंगायला लागला की आइस शेल्फ. समुद्राचं पाणी गोठून होतो तो समुद्री बर्फ, तो वेगळा. मला हे लिंबू सरबताच्या ग्लासात कळलं: काठोकाठ भरलेल्या ग्लासात तरंगणारा खडा वितळला तरी सरबत सांडत नाही, वरून नवा खडा टाकला की सांडतं. आइस शेल्फ तुटल्याने पाणी थेट फारसं वाढत नाही, पण मागच्या हिमनद्यांचा अडसर जातो आणि जमिनीवरचा बर्फ वेगाने समुद्रात उतरतो.

अख्खा खंड घेऊ नका, एक तुकडा घ्या. मी शिर्माकर ओअ‍ॅसिस घेतला: जेमतेम 35 चौ. किमी उघडा खडक, शंभराहून जास्त तळी, दक्षिणेला हिमथर, उत्तरेला आइस शेल्फ. भारताचं 'मैत्री' संशोधन केंद्र 1989 पासून इथेच आहे. त्याआधीचं 'दक्षिण गंगोत्री' आइस शेल्फवर होतं, ते बर्फाखाली गाडलं गेलं. खडकावर का बांधायचं, ते इथे कळतं.

नोकरीचं विचाराल, तर ध्रुवीय संशोधनाचं मुख्य केंद्र गोव्यात, वास्कोला आहे. पण पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळाही मैत्रीवर आहे, हे मुंबईतल्या मुलांच्या गावीही नसतं. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, आचारीही जातात. निघण्याआधी कसून वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडात औलीला बर्फातलं प्रशिक्षण असतं.