रानातल्या पडक्या घरात शिरण्यापूर्वी

कोकणात चाकरमानी मुंबईला गेले, मागे राहिलेली म्हातारी माणसे एकेक करून गेली आणि पाणंद, आगर, अंगण असे सगळे रानाने गिळून घर तेवढे मध्ये उभे राहिले, असे बऱ्याच वाड्यांत पाहायला मिळते. अशा घराला बेवारस समजू नये. सात-बारावर बहुधा दहा-बारा हिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांतला एखादा तरी गणपतीला गावात येतोच. त्याची किंवा वाडीत राहणाऱ्या भाऊबंदांची परवानगी घ्यावी आणि कधी परतणार हे पोलीस पाटलांच्या कानावर घालावे. वाडीतले कोणी सोबत आले तर आत पाऊल टाकण्याआधी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या दैवताला, गाऱ्हाणे घालतील, तेवढा वेळ शांतपणे थांबावे.

जाण्यासाठी पौष-माघ उत्तम, कारण तोवर गवत वाळून वाट दिसू लागते. पावसाळ्यात मुळीच जाऊ नये. चिरे मातीत रचलेले असतील तर छप्पर गेल्यावर ती माती पावसाने धुपत जाते आणि वरकरणी धडधाकट दिसणारी भिंत एखाद्या दिवशी आपल्याच वजनाने बसते.

आधी घराभोवती एक पूर्ण फेरी मारावी. वळचणीला गांधीलमाश्यांचे पोळे आहे का, आढे मध्येच वाकले आहे का, भिंतीत वडापिंपळाची मुळे शिरून चिरे फाकले आहेत का, हे बाहेरूनच कळते. यांतले पहिले किंवा दुसरे दिसले तर मी आत जात नाही. परसातली विहीर झुडपांखाली लपलेली असू शकते, म्हणून काठीने चाचपल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

आत खरा धोका पायाखाली आणि डोक्यावर असतो. माळ्याच्या फळ्या वरून अखंड दिसतात. वाळवी मात्र लाकूड आतून खाते आणि बाहेरचा पापुद्रा तेवढा ठेवते. तुळईवर काठीने ठोकावे. निकोप लाकडाचा आवाज भरीव येतो, पोखरलेल्याचा पोकळ आणि बसका. शंका वाटली तर स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो लोण्यात शिरावा तसा शिरला तर माळ्याचा विचार सोडावा. एकदा हे न करता मी चढलो आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली माजघरात लोंबकळला. तेव्हापासून फळीवर पाय देताना खाली तुळई कुठे आहे, हे आधी पाहतो.

कोनाड्यात, चुलीच्या वैलात किंवा पडलेल्या चिऱ्याखाली हात घालू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळपट्ट्यात फुरसे फार. ते वीतभर दिसले तरी जहाल विषारी असते आणि खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते. तो आवाज आला की जागीच थांबून, तो कुठून येतो ते पाहून मागे सरावे. घोट्याच्या वर जाणारे बूट आणि जाड पँट हवीच. दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही न करता तो अवयव हलू न देता 108 क्रमांकावर फोन करावा आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. वटवाघळांची विष्ठा साचलेल्या खोलीत एन-95 मास्क लावावा आणि ती धूळ उडवू नये.

एवढे सांभाळले की घर बोलू लागते. उंबरठ्याची झीज, न्हाणीघराची उतरती फरशी, देवघराच्या कोनाड्यातली काजळी यांवरून कोण कुठे वावरत होते ते उलगडते. पडलेले मंगलोरी कौल मिळाले तर उलटून त्यावरचा ठसा वाचावा. मंगलोरला कौलांचा कारखाना काढणाऱ्या बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कौलावर 1865 असे उमटलेले दिसले तर घर तेव्हाचे, असा निष्कर्ष काढू नये. ते कारखाना स्थापन झाल्याचे वर्ष आहे आणि पुढे कित्येक वर्षे तोच आकडा साच्यात राहिला. फोटो काढून कौल जिथे होते तिथेच ठेवावे, कारण पुढच्या गणपतीला येणारा हिस्सेदार कदाचित तीच कौले गोळा करून पडवी शाकारणार असतो.