बियांपासून घरच्या घरी दवबिंदूची रोपं कशी वाढवावीत

दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा ही किडे खाणारी वनस्पती, बियांपासून वाढवताना घात होतो तो बहुतेक वेळा चांगल्या मातीने, खताने आणि नळाच्या पाण्याने. बाकी कुठल्याही रोपाला ज्या गोष्टी आपण प्रेमाने देतो, त्याच या रोपाला मारतात. त्यामुळे कुंडी हाताशी घेण्याआधी हे झाड कुठून आलंय ते समजून घेतलेलं बरं.

अंटार्क्टिका सोडला तर प्रत्येक खंडावर दवबिंदूच्या जाती सापडतात. एकूण जाती दोनशेच्या आसपास आहेत. जागा मात्र सगळीकडे एकाच तऱ्हेच्या: दलदल, पाझरणारी वाळू, पाणथळ माळ. अशा जमिनीत नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नसतात. म्हणून या वनस्पतीने पानांवर केस उगवले, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब धरला आणि अन्न किड्यांकडून घ्यायला सुरुवात केली. मुळांकडे उरलं काम पाणी पिण्याचं आणि रोप धरून ठेवण्याचं. मातीतले क्षार त्यांना सोसत नाहीत. खाली सांगितलेली जवळपास प्रत्येक पायरी या एका गोष्टीतून येते.

कोणती जात घ्यावी

पहिल्यांदाच करत असाल तर ड्रोसेरा कॅपेन्सिस घ्या. ही दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली जात. थंडीची झोप लागत नाही, वर्षभर वाढते, बी सहज रुजतं आणि वरचा भाग वाळून गेला तरी पुष्कळदा मुळांपासून पुन्हा फुटते. चुका पोटात घालणारी दुसरी इतकी चांगली जात मला ठाऊक नाही. ड्रोसेरा स्पॅट्युलाटाही सोपी आहे. ती बसकी राहते आणि छोट्या कुंडीत मावते.

ड्रोसेरा बर्मानी उष्ण हवेत मजेत वाढते आणि तिचे कडेचे केस काही सेकंदांत मिटतात. पण ती सहसा वर्षभराचीच असते. फुलून बी धरलं की संपते. दरवर्षी पेरायची तयारी हवी.

ड्रोसेरा रोटुंडिफोलिया, अँग्लिका, फिलिफॉर्मिस या थंड प्रदेशातल्या जाती आहेत. त्यांचं बी ओल्या माध्यमात (कुंडीत मातीऐवजी भरायच्या मिश्रणात) ४ ते ८ आठवडे फ्रीजमध्ये, साधारण ३ ते ५ अंशांवर ठेवावं लागतं, नाहीतर ते रुजायला फार वेळ घेतं किंवा रुजतच नाही. शिवाय मोठ्या रोपांनाही हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते. तुमच्याकडे खरी थंडी पडत नसेल तर या जातींच्या नादी लागू नका.

बी ओळखून घ्या

कॅपेन्सिसचं बी काळं, बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं आणि खसखशीपेक्षाही बारीक असतं. कागदावर ओतलं तर धूळ पडल्यासारखं दिसतं. पाकिटातून टोमॅटोच्या बियांएवढं काही निघालं तर ते दवबिंदूचं बी नाही, मग वेष्टनावरचा फोटो कितीही सुंदर असो. निळ्या-जांभळ्या पानांचे फोटो लावून विकलं जाणारं बी तर घेऊच नये. खात्रीचं बी मिळतं ते ही झाडं स्वतः वाढवणाऱ्या माणसांकडून. त्यांना बी कधी काढलं तेही विचारा. ताजं बी अधिक चांगलं रुजतं. रानातली रोपं उपटून आणू नका. ती जगत नाहीत आणि तिथली वस्तीही विरळ होते.

पाणी आणि टीडीएस

पैसे एकाच गोष्टीवर खर्च करणार असाल तर टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, करा. दिव्यांपेक्षा आणि महागड्या कुंड्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. हे क्षार ५० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ५० भागांपेक्षा) कमी हवेत. जितके कमी तितकं चांगलं. पावसाचं स्वच्छ पाणी उत्तम. डिस्टिल्ड वॉटर चालतं. घरच्या आरओ यंत्राचं पाणी चालेल असं धरून चालू नका, कारण बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम परत मिसळतात. मोजा आणि मग ठरवा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी अजिबात वापरू नये; सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात.

नळाचं पाणी उकळून काही साधत नाही. थोडा चुना खाली बसेल, बाकीचे क्षार तसेच राहतात आणि पाणी आटल्यामुळे घट्ट होतात.

कुंडी आणि माध्यम

प्लॅस्टिकची, तळाला भोकं असलेली, ८ ते १० सेंटिमीटर खोल कुंडी घ्या. मातीची कुंडी नको: तिच्या भिंतीतून पाणी उडत राहतं आणि क्षार मागे साचतात.

माध्यम दोनच गोष्टींचं: पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे), निम्मं-निम्मं. पर्लाइटऐवजी जाडसर सिलिका वाळूही चालते. वाळूत चुना आहे का हे पाहायला चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती वाळू बाजूला ठेवा. बांधकामाची किंवा समुद्राची वाळू टाळाच. पाकिटावर खत मिसळल्याचा उल्लेख असलेलं पीटही नको. कोकोपीट वापरायचंच असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून, पिळून, पाणी बदलत राहा आणि निथळलेल्या पाण्याचं टीडीएस खाली येईपर्यंत हे करत राहा. त्यात मीठ बरंच असतं. मी स्वतः पीटच पसंत करते. बागेची माती, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही चिमूटभरसुद्धा घालू नका.

कोरडं पीट पाणी धरत नाही, वरून ओघळून जातं. म्हणून त्यावर उकळतं शुद्ध पाणी ओतून ढवळा आणि गार होऊ द्या. त्याने पीट मुरतं आणि शेवाळाचे बीजाणू, चिलटांची अंडी बरीचशी मरतात. पिळल्यावर दोन-चार थेंब पडतील इतपत ओल ठेवून कुंडी भरा. वरचा थर बोटांनी हलकेच सपाट करा. पर्लाइटचे मोठे दाणे वर दिसत असतील तर त्यावर चाळलेल्या पीटचा पातळ थर द्या. इतकं बारीक बी दाण्यांच्या फटीत गेलं तर उजेडाला मुकतं.

पेरणी

पंखा बंद करा, खिडकीचा वारा अडवा. पांढरा कागद मधोमध दुमडून त्या घडीत बी ओता. कुंडीवर कागद तिरपा धरून बोटाने हलकेच टिचक्या मारा; बी एकेक करत घरंगळतं. कुंडी थोडी फिरवत राहिलात तर पसरून पडतं. दाट पेरायचा मोह होतो, कारण बी दिसतच नाही. पण दाटीत उगवलेली रोपं महिनोन् महिने खुरटी राहतात.

बियांवर काहीही पसरायचं नाही. दवबिंदूच्या बियांना रुजायला उजेड लागतो. वरून पाणीही घालायचं नाही, नाहीतर सगळं बी वाहत एका कडेला जमा होतं. कुंडी एका ताटलीत ठेवा आणि ताटलीत एक-दोन सेंटिमीटर शुद्ध पाणी भरा. पाणी खालून वर चढतं.

कुंडीवर जातीचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. रोपं लहान असताना सगळ्या जाती सारख्याच दिसतात.

रुजेपर्यंत

कुंडीवर पारदर्शक पिशवी किंवा झाकण घाला. जागा भरपूर उजेडाची हवी, पण झाकलेल्या कुंडीवर थेट ऊन नको. आतली हवा तापून बी शिजतं. पांढरा एलईडी दिवा २० ते ३० सेंटिमीटर उंचीवर, दिवसाला १४ तास लावला तर खिडकीपेक्षा भरवशाचं काम होतं. २० ते ३० अंश तापमान कॅपेन्सिसला मानवतं.

दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात, काही बिया सहा आठवडेही घेतात. या काळात ताटली कोरडी पडू न देणं एवढंच काम. माध्यम उकरून पाहू नका, कुंडी जागची हलवू नका. दोन-तीन दिवसांनी झाकण काही मिनिटं उघडून हवा बदला. पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग चमच्याने उचलून टाका आणि झाकण थोडं किलकिलं ठेवा.

पहिली पानं

इथे एक भिंग जवळ ठेवा. आधी दोन इवली, साधी बीजदलं येतात. त्यांवर केस नसतात. त्यानंतर मधून जे पहिलं खरं पान उलगडतं, ते टाचणीच्या डोक्याहून लहान असतं आणि तरीही त्याच्या कडेला मोजके केस असतात, प्रत्येकाच्या टोकावर चकाकता थेंब. शिकारीची सगळी व्यवस्था त्या पहिल्या पानापासूनच तयार असते. पीटवर फिरणारा स्प्रिंगटेलसारखा मिलिमीटरभराचा किडा त्यात अडकला, तर कडेचे केस आत वळून त्याला मधोमध नेताना भिंगातून स्पष्ट दिसतात.

कॅपेन्सिसची ही सुरुवातीची पानं गोलसर असतात. मोठ्या झाडाची लांब, पट्टीसारखी पानं पुढे येतात, त्यामुळे बी भलतंच निघालं असं समजून कुंडी टाकून देऊ नका.

भरवणं

न भरवताही रोपं जगतात, फक्त फार हळू वाढतात. थोडं भरवलं तर फरक डोळ्यांना दिसतो. पण काय भरवायचं?

चार्ल्स डार्विन यांनी १८६० मध्ये दवबिंदूचा अभ्यास सुरू केला आणि पुढे त्याच्या पानांवर नाना तऱ्हेचे द्रव ठेवून पाहिले. दूध, अंड्याचा पांढरा बलक, मांसाचा अर्क यांवर केस वाकले. साखरेचं पाणी, डिंकाचं पाणी, ऑलिव्हचं तेल यांवर वाकले नाहीत. ज्यात नायट्रोजन आहे त्यालाच पान प्रतिसाद देतं. म्हणजे गोड काही देण्यात अर्थ नाही. आणि मांसाचा तुकडा रोपाच्या पानाला पचत नाही, कुजतो.

मत्स्यालयातल्या माशांसाठी मिळणाऱ्या सुकवलेल्या अळ्या (ब्लडवर्म) किंवा माशांच्या खाद्याचे पापुद्रे बोटांत चुरडून पीठ करा. टूथपिकचं टोक ओलं करून त्या पिठात टेकवा आणि चिकटलेला कण पानाच्या केसांवर ठेवा. कण पानाच्या एक चतुर्थांशाहून मोठा नको. प्रत्येक रोपाचं एकच पान, दोन आठवड्यांतून एकदा. पीठ भुरभुरवू नका; पीटवर पडलेल्या कणांवर दुसऱ्या दिवशी बुरशी धरते आणि ती रोपांवर चढते.

झाकण काढणं, ऊन दाखवणं

रोपांना तीन-चार खरी पानं आली की पिशवीला दर दोन दिवसांनी एकेक भोक पाडा. दहा-बारा दिवसांत ती पूर्ण काढता येते. एकदम काढली तर थेंब आटतात आणि पानं वाळतात. त्यानंतर उजेड हळूहळू वाढवा: आधी सकाळचं तासभर कोवळं ऊन, मग तीन-चार तास. केस लालसर होऊन थेंब टपोरे दिसले की उजेड पुरेसा आहे. पानं लांब, फिकी आणि कोरडी असतील तर कमी पडतोय. पांढऱ्या फुलांचा अल्बा प्रकार मात्र पुरेशा उजेडातही हिरवाच राहतो.

रोपं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंद झाली की वेगळी करा. चिमट्याने धरून उपटू नका. चमच्याच्या दांड्याने खालचं पीट गोळ्यासकट उचला आणि नव्या कुंडीत आधीच केलेल्या खड्ड्यात ठेवा. नंतर आठवडाभर पुन्हा हलकं झाकण. बर्मानीला मुळांची हलवाहलव आवडत नाही. ती पेरतानाच छोट्या कुंड्यांत वेगवेगळी पेरलेली चांगली.

काही बिघडलं तर

नवी पानं वेडीवाकडी, चुरगळलेली निघाली तर मधल्या कोंबात मावा असण्याची शक्यता मोठी. फवारे मारण्याआधी कुंडी शुद्ध पाण्यात पूर्ण बुडवून एक-दोन दिवस ठेवा. मावा गुदमरतो, रोप टिकतं. थेंब आठवडाभरात परत येतात. छोट्या काळ्या चिलटांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. त्यांच्यासाठी पिवळे चिकट कागद लावा. हिरवं शेवाळ पीटवर पसरून लहान रोपं झाकू लागलं तर ते चिमट्याने काढा. सगळी रोपं एकदम काळवंडू लागली तर आधी पाण्याचं टीडीएस मोजा.

पुढच्या पेरणीसाठी बी

चांगला उजेड आणि अधूनमधून खाणं मिळालं तर कॅपेन्सिस साधारण वर्षभरात फुलते. दांड्यावर कळ्या खालून वर एकेक करून उमलतात. प्रत्येक फूल उजेडात काही तासच उघडं राहतं आणि मिटताना स्वतःच स्वतःचं परागीभवन करतं, त्यामुळे ब्रशची गरज नाही. बोंडं तपकिरी, कोरडी झाली की दांडा कापून पांढऱ्या कागदावर झटका. बी कागदाच्या पुडीत, पुडी हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत, आणि डबी फ्रीजमध्ये. बी नको असेल तर बोंडं पिकण्याआधीच दांडा कापा, नाहीतर शेजारच्या प्रत्येक कुंडीत कॅपेन्सिसची रोपं उगवलेली दिसतील आणि दुसऱ्या नाजूक जातींची जागा ती बघता बघता व्यापतील.