प्रश्नांची वही, एक प्रॉम्प्ट आणि छोटी स्क्रिप्ट: विद्यार्थ्यांना स्वयंचलन कसे शिकवावे

विद्यार्थ्यांना प्रॉम्प्ट (एआय मॉडेलला दिलेली लेखी सूचना) स्वयंचलित करायला, म्हणजे स्क्रिप्ट नावाच्या छोट्या प्रोग्रामकडून पुन्हा पुन्हा पाठवून घ्यायला, शिकवायचे असेल, तर त्यांच्यापुढे आधी असे काम ठेवावे की जे हाताने करता येते, पण तीनशे वेळा करण्याचा धीर कोणालाच राहत नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांत असे काम शोधायला लांब जावे लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थी गावात राहतात, शेतकऱ्यांशी बोलतात, त्यांच्या अडचणी वहीत उतरवतात, आणि शिबिर संपले की त्या वह्या बहुधा कपाटात पडून राहतात. येथे तीच वही घेऊ. प्रत्येक प्रश्न वाचून तो पीकविमा, रोग-कीड, बाजारभाव, पाणी-वीज, बियाणे-खते किंवा इतर यांपैकी एका गटात टाकायचा आणि प्रमाण मराठीत त्याचा एका वाक्यात सारांश लिहायचा, एवढेच काम एआय मॉडेलकडून करून घ्यायचे आहे.

प्रश्नाचे उत्तर मात्र मॉडेलला विचारू नये, आणि ही मर्यादा पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावी. कोणते औषध किती पाण्यात मिसळून फवारावे याचे उत्तर मॉडेल चुकीचे देऊ शकते आणि तेही ठाम शब्दांत. ते उत्तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतून किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडूनच यावे. वर्गवारीतली चूक आपल्याला दिसते व दुरुस्त करता येते; फवारणीतली चूक रानात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पहिला तास संगणकाविना

पहिल्या तासाला संगणक बंद ठेवावेत. वहीतले वीस प्रश्न निवडून दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात आणि दोघांनी एकमेकांना न दाखवता प्रत्येक प्रश्नापुढे गटाचे नाव लिहावे. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की जिथे मतभेद झाले तिथेच खरा धडा सुरू होतो. ‘विम्याची तक्रार ७२ तासांत करा म्हणतात, पण लाइट नाही, मोबाइल चार्ज नाही, करावी कशी?’ हा प्रश्न विम्याचा की विजेचा? वर्गात वाद होऊ द्यावा आणि शेवटी एक नियम ठरवावा; उदाहरणार्थ, शेतकऱ्याला ज्या गोष्टीचा मार्ग हवा आहे तो गट धरावा, वाटेतली अडचण धरू नये. माणसांनाच जे ठरवता आले नाही ते मॉडेल ठरवेल खरे, पण प्रत्येक वेळी वेगळ्या रीतीने ठरवेल. या तासाला तयार झालेली आणि सर्वांनी मान्य केलेली वीस उत्तरे जपून ठेवावीत, कारण पुढे मॉडेलची परीक्षा याच उत्तरांवर घ्यायची आहे.

तक्ता

वहीतले प्रश्न एक्सेलमध्ये टंकित करताना क्रमांक, तालुका आणि प्रश्न असे तीनच रकाने ठेवावेत. शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक आणि जमिनीचा गट क्रमांक तक्त्यात येताच कामा नये, कारण तक्त्यातला मजकूर बाहेरच्या सेवेकडे (इंटरनेटवरून मॉडेल वापरू देणाऱ्या कंपनीकडे) जाणार आहे, आणि विनामूल्य मिळणाऱ्या काही सेवा असा मजकूर स्वतःचे मॉडेल सुधारण्यासाठी वापरतात. प्रश्नाची भाषा मात्र बोलली तशीच ठेवावी. टंकन करणाऱ्याने ती ‘शुद्ध’ केली, तर अर्थाचा निम्मा भाग तिथेच गळतो.

अनेक कार्यालयांत आणि झेरॉक्स सेंटरवर आजही श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकन होते. पडद्यावर तो मजकूर मराठी दिसतो, पण आतून ती इंग्रजी अक्षरे व चिन्हेच असतात, त्यामुळे मॉडेलला तो भरवशाने वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) टंकित करावा आणि फाइल साठवताना एक्सेलमधला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा; सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल, आणि यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड साठवण्याची रीत. साधा सीएसव्ही निवडला, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते आणि विद्यार्थी तासभर चूक स्क्रिप्टमध्ये शोधत बसतात.

प्रॉम्प्टचा साचा

आता एकाच प्रश्नासाठी प्रॉम्प्ट हाताने लिहून तो चॅटच्या खिडकीत तपासावा. तो साधारण असा असावा: ‘पुढे मराठवाड्यातील शेतकऱ्याचा एक प्रश्न दिला आहे. तो या सहा गटांपैकी नेमक्या एका गटात टाका: पीकविमा, रोग-कीड, बाजारभाव, पाणी-वीज, बियाणे-खते, इतर. शेतकऱ्याला ज्या गोष्टीचा मार्ग हवा आहे तो गट धरा. मोंढा म्हणजे शेतमालाची बाजारपेठ. लाल्या म्हणजे कपाशीची पाने लाल पडण्याची विकृती. पहिल्या ओळीत फक्त गटाचे नाव लिहा, दुसऱ्या ओळीत प्रमाण मराठीत एका वाक्याचा सारांश लिहा. प्रश्नात नसलेली माहिती घालू नका. प्रश्न:’ आणि त्यापुढे मोकळी जागा. विद्यार्थ्यांनी या साच्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच पाच-सहा प्रश्नांवर परिणाम पाहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. हा टप्पा घाईने उरकू नये. स्क्रिप्ट प्रॉम्प्टला शहाणे करत नाही, ती त्याला फक्त तीनशे वेळा पाठवते, आणि साच्यात राहिलेली चूकही तितक्याच इमानाने तीनशे वेळा पाठवते.

स्क्रिप्ट

स्क्रिप्टसाठी पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा घ्यावी. ती विनामूल्य आहे, मूळ संचातच सीएसव्ही वाचण्याची सोय आहे, आणि तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची (मूल्ये साठवणाऱ्या जागांची) नावे देवनागरीतही ठेवता येतात. ‘फॉर’ आणि ‘इफ’ यांसारखे राखीव शब्द तेवढे इंग्रजीच राहतात. विद्यार्थ्यांना ‘प्रश्न’, ‘उत्तर’, ‘गट’ अशी नावे देऊ द्यावीत. अनुभवी प्रोग्रामर नाक मुरडतील, पण पहिल्या स्क्रिप्टला त्याने काहीच बिघडत नाही.

स्क्रिप्ट लिहिण्याआधी ती फळ्यावर मराठी वाक्यांत लिहून घ्यावी: साच्याची फाइल वाच, प्रश्नांची फाइल उघड, प्रत्येक ओळीसाठी मोकळ्या जागेत प्रश्न भर, तयार प्रॉम्प्ट मॉडेलकडे पाठव, आलेल्या उत्तराच्या दोन ओळी वेगळ्या कर, उत्तरांच्या फाइलमध्ये क्रमांकासह लिही, दोन सेकंद थांब, पुढची ओळ घे. यातले प्रत्येक वाक्य पायथॉनमध्ये एक ते चार ओळींचे होते. साचा वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्यामुळे प्रॉम्प्ट बदलताना स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे फाइलमध्ये साठवण्याची रीत) यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट लिहावे, कारण विंडोजवर ते न लिहिल्यास पायथॉन बहुधा संगणकाचे जुने एन्कोडिंग धरतो. एक्सेलने साठवलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते, ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि ‘क्रमांक’ नावाचा रकानाच सापडत नाही. यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग दिले की ही अडचण सुटते.

प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे पाठवावा, वीस प्रश्नांचा गठ्ठा करू नये. गठ्ठ्यात मॉडेल एखादा प्रश्न गाळते, क्रमांक सरकतात, आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यापुढे बसते. स्वतंत्र पाठवण्याचा खर्च जास्त येतो हे खरे: सूचना दीडशे शब्दांची आणि प्रश्न तीनशे असतील, तर केवळ सूचनांचे ४५,००० शब्द जातात, शिवाय बऱ्याच मॉडेलांत देवनागरी मजकुराला त्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचते ते) लागतात. म्हणून आधी पाच ओळींवर चालवून खर्च पाहावा आणि सेवेच्या खात्यावर खर्चाची मर्यादा घालून ठेवावी. एपीआय-की (स्क्रिप्टला सेवा वापरू देणारी आपल्या खात्याची गुप्त किल्ली) स्क्रिप्टमध्ये लिहू नये, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (स्क्रिप्टबाहेर, संगणकाच्या मांडणीत साठवलेल्या मूल्यात) ठेवावी. स्क्रिप्ट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणारच, आणि तिच्याबरोबर कीही जाईल.

इंटरनेट बेभरवशाचे असेल, तर ओलामा हा विनामूल्य प्रोग्राम वापरून लहान मॉडेल महाविद्यालयाच्या संगणकावरच चालवता येते. एकदा काही जीबींची फाइल उतरवली की पुढे इंटरनेट लागत नाही, खर्च नाही आणि मजकूरही बाहेर जात नाही. मात्र लहान मॉडेलांचे मराठी कच्चे असते आणि जुन्या संगणकावर ती फार हळू चालतात. वर्गवारीपुरते ती चालवून पाहावीत. सारांशासाठी माझे मत मोठ्या मॉडेलच्या बाजूने आहे.

वीज गेली तर

दोनशेव्या प्रश्नाला वीज गेली आणि सगळी उत्तरे शेवटी एकदम साठवायची असतील, तर दोनशे उत्तरांचे पैसे आणि वेळ दोन्ही गेले. म्हणून उत्तर येताच ते फाइलच्या शेवटी जोडून फाइल बंद करावी, आणि स्क्रिप्ट सुरू होताना आधीची उत्तरे वाचून झालेले क्रमांक वगळावेत. मग ती कितीही वेळा थांबली तरी जिथे थांबली तिथूनच पुढे चालते. सेवेकडून ४२९ ही त्रुटी आली, तर विनंत्या फार वेगाने जात आहेत असा तिचा अर्थ आहे. अशा वेळी आधी दोन, मग चार, मग आठ सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करावा आणि पाच प्रयत्नांनंतर तो प्रश्न बाजूला ठेवावा. अखंड प्रयत्न करत राहणारी स्क्रिप्ट रात्रभर चालू राहिलेल्या मोटारीइतकीच महाग पडते.

तपासणी

पहिली तपासणी स्क्रिप्टच करते: पहिल्या ओळीतले नाव सहा गटांपैकी नसेल, तर ‘तपासा’ असा शेरा लिहायचा. मॉडेल कधी ‘रोग व कीड’ लिहिते, कधी गटाच्या नावापुढे पूर्णविराम देते; रिकाम्या जागा व विरामचिन्हे काढण्याचे काम स्क्रिप्टला द्यावे आणि उरलेले माणसाने पाहावे. टेंपरेचर (उत्तरे किती बदलती यावीत हे ठरवणारा मॉडेलचा आकडा) शून्य ठेवता येत असेल तर ठेवावे, त्यामुळे उत्तरांतला फरक कमी होतो, पण पूर्ण जात नाही. कोणत्या तालुक्यातून कोणत्या गटाचे किती प्रश्न आले ही मोजणी मॉडेलला कधीच सांगू नये. ती पायथॉन अचूक करतो.

दुसरी तपासणी म्हणजे पहिल्या तासाची वीस उत्तरे. ते वीस प्रश्न स्क्रिप्टकडून मॉडेलला पाठवून किती उत्तरे जुळली ते पाहावे आणि न जुळलेला प्रत्येक प्रश्न वर्गात वाचावा. चूक साच्याची असेल तर साचा बदलावा. पण याच वीस प्रश्नांसाठी साचा घासत राहिले, तर तो त्या विसांपुरताच चांगला होतो, म्हणून वहीतले आणखी वीस प्रश्न त्याच रीतीने हाताने सोडवून वेगळे ठेवावेत आणि ते अगदी शेवटी, एकदाच वापरावेत. सारांशांची तपासणी त्या गावात गेलेल्या विद्यार्थ्यानेच करावी. गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब खाल्ले असे शेतकरी म्हणाला होता आणि सारांशात ‘किडीचा प्रादुर्भाव’ एवढेच उरले, तर गट बरोबर असूनही सारांश नापास धरावा.

उत्तरांच्या फाइलमध्ये मॉडेलचे नाव, तारीख आणि साच्याची आवृत्ती यांचे तीन रकाने जोडावेत. सेवा देणाऱ्या कंपन्या मॉडेल बदलतात, जुनी बंद करतात, आणि पुढच्या शिबिराच्या वहीवर तोच साचा चालवताना निकाल वेगळे आले, तर फरक गावांच्या प्रश्नांत पडला की मॉडेलमध्ये, हे या तीन रकान्यांशिवाय सांगता येणार नाही.