छोट्या बेअरिंगचा टॉर्क मोजायला बसण्याआधी

आधी कागदावर अंदाज मांडा. 10 सेंटिमीटर दांडीच्या टोकाला 1 ग्रॅम वजन टांगलं तर सुमारे 0.98 मिलिन्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवणारा जोर) होतो. 1 सेंटिमीटरवर त्याचा दहावा हिस्सा. तुमच्या बेअरिंगचं घर्षण या दुसऱ्या आकड्याच्या आसपास असेल, तर शाफ्टच्या मध्ये जोडायचा फिरता सेन्सर नकोच. त्याच्याच बेअरिंगचं घर्षण याहून जास्त भरू शकतं. मोटरच्या करंटवरूनही टॉर्क काढू नका, त्यात मोटरचं घर्षण मिसळलेलं असतं.

मला भरवशाची वाटते ती रीत अशी: शाफ्ट उभा ठेवून आतली रिंग फिरवायची, बाहेरची अडवायची आणि अडवायला लागणारं बल त्या रिंगला जोडलेल्या दांडीच्या टोकाशी लोडसेलने, म्हणजे बल मोजणाऱ्या सेन्सरने, मोजायचं. शाफ्ट उभा असला की भारासाठीचं वजन थेट बाहेरच्या रिंगवर, बरोबर मधोमध ठेवता येतं. पाणसळ लावून पाया आडव्या पातळीत आहे ना ते बघा. दांडीची लांबी नीट मोजा. 10 सेंटिमीटरमध्ये 1 मिलिमीटर चुकला तर उत्तर 1 टक्क्याने चुकलं.

सगळ्यात जास्त वेळ वायरींना द्या. बाहेरच्या रिंगला चिकटवलेली तापमानाची बारीकशी वायरही स्प्रिंगसारखी ओढते आणि तो ओढा थेट मापात जमा होतो. शाफ्ट थांबलेला असताना वायर बोटाने किंचित हलवून सोडा. लोडसेलचं शून्य जागेवर परत आलं नाही, तर वायर काढून टाका आणि तापमान दुरून, इन्फ्रारेडने घ्या. तापमान मात्र हवंच, कारण ग्रीस गरम झालं की पातळ होतं आणि टॉर्क उतरतो.

लोडसेल आडवा धरून, वजनं टांगून तपासा. वजनं चढवताना आणि उतरवताना, दोन्ही वेळचे आकडे लिहा. परत बसवल्यावर शून्य नव्याने घ्या. उपकरणं अर्धा तास आधी चालू करा, पंखा बंद ठेवा. बेअरिंग धुळीपासून जपा आणि ग्रीस आत पसरून आकडा स्थिरावेपर्यंत फिरू द्या, सुरुवातीचा टॉर्क चढाच असतो.

नोंदवहीत दोन्ही दिशांसाठी रकाने आखा. उलट आणि सुलट मापांमधल्या फरकाचा निम्मा घेतला की शून्याची चूक गळून जाते. सरासरी पूर्ण फेऱ्यांचीच घ्या, पण मूळ आलेखही जपून ठेवा. आत अडकलेला कण सरासरीत बुडून जातो, आलेखात मात्र टोक होऊन उभा राहतो.