पहिली कॅम्पर व्हॅन घेताय? सुताराला बोलावण्याआधी या चुका टाळा

माझ्या कॅम्पर व्हॅनमधला, म्हणजे आत झोपायची सोय केलेल्या गाडीतला, पहिला पलंग एकच रात्र टिकला. मोडला नाही, मीच उखडून काढला. 18 मिमी मरीन प्लाय, वर सनमायका, खाली सामानासाठी दीड फूट उंचीचे दोन ड्रॉवर. मिस्त्रींनी चार दिवस खपून काम चोख केलं होतं. चूक मापात होती आणि माप मी दिलं होतं. छोट्या व्हॅनमध्ये तळापासून छतापर्यंत जेमतेम चार फूट मिळतात. त्यातले दीड फूट ड्रॉवरने खाल्ले, चार इंच गादीने. उरले दोन फूट दोन इंच, आणि माणसाला ताठ बसायला तीन फूट लागतात. माळशेजच्या अलीकडे एका ढाब्याच्या आवारात संध्याकाळी सातला पाऊस लागला आणि उजाडेपर्यंत आम्ही दोघं माळ्यावर टाकलेल्या वळकट्यांसारखे आडवे पडून होतो. चहासुद्धा कोपरावर रेलून प्यायलो.

आता कुणी विचारतं, "कुठली गाडी घेऊ? कन्व्हर्जनला, म्हणजे साध्या गाडीची कॅम्पर करायला, किती खर्च येईल?" तेव्हा मी उलट विचारतो, "गाडीत किती रात्री झोपलात?" उत्तर बहुतेक वेळा शून्य असतं. गाडी, मग सुतार, मग इलेक्ट्रिशियन आणि शेवटी प्रवास, असा क्रम लावला की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात. आधी एखादी भाड्याची किंवा मित्राची व्हॅन घ्या, त्यात चटई, पातळ गादी आणि मच्छरदाणी टाका आणि झोपून बघा. एक रात्र मे महिन्यात, एक जुलैत. कुठल्याही व्हिडिओपेक्षा या दोन रात्री जास्त शिकवतात.

आधी पार्किंग मोजा, मग गाडी

मुंबईत गाडीची लांबी आपण ठरवत नाही, सोसायटी ठरवते. शहराच्या विकास नियमावलीत छोट्या गाडीच्या पार्किंगची जागा 2.3 बाय 4.5 मीटर आणि मोठ्या गाडीची 2.5 बाय 5.5 मीटर धरली आहे. तुमच्या नावावर यातली कुठली आहे ते टेप घेऊन बघा. मारुती ईकोची लांबी 3,675 मिमी, म्हणजे ती छोट्या जागेत आरामात बसते. टाटा विंगर पाच मीटरच्या घरात जाते. फोर्स ट्रॅव्हलर तर सेक्रेटरीसाहेबांशी भांडणाची पूर्वतयारी करूनच आणावी. यांत्रिक स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवणारं, असेल तर उंचीही बघा. सेडानच्या मापाने बसवलेल्या पट्टीवर उंच व्हॅन जात नाही, आणि छतावर कॅरियर लावला तर विषयच संपला.

ईकोची रुंदी बाहेरून 1,475 मिमी आहे. दोन्ही बाजूंच्या दारांची जाडी वजा केली की आत साडेचार फूटही उरत नाहीत. म्हणजे रुंदीत आडवं झोपणं बाद, गाडीच्या लांबीतच झोपायचं. शोरूममध्ये सेल्समन सीएनजीचं मायलेज सांगत असेल तेव्हा तुम्ही पुढची सीट ड्रायव्हिंगच्या जागी ठेवून तिच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत टेप लावा. मागची सीट पूर्ण घडी होते की नुसती पाठ कलते, सीएनजीची टाकी किती जागा खाते, तेही बघा. आणि खरंच आडवे होऊन बघा. लोक हसतील, हसू देत.

जुनी घेणार असाल तर मारुतीच्या ओम्नीचा मोह आवरा. तिचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. स्वस्त मिळते, पण मुंबईचे इतके पावसाळे आणि खारी हवा खाल्लेला पत्रा वरून रंगवलेला असतो. मॅट उचला, तळाच्या कोपऱ्यांत आणि चाकांच्या कमानींच्या आत स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोका. ठणठण आवाज आला तर ठीक, भदभद आला तर मागे फिरा. जुन्या ईको बऱ्याचदा शाळेच्या फेऱ्या किंवा कुरिअरचा माल वाहून आलेल्या असतात, त्यामुळे मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा क्लच पेडल आणि सरकत्या दाराचे रूळ जास्त खरं बोलतात. सीएनजी असेल तर आरसीवर तशी नोंद आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी लागणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का, हे विचारा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनपलीकडे पैसे देऊ नका.

"मागे सीट नाहीत, खिडक्या नाहीत, आयती जागा!" म्हणून कार्गो मॉडेल घेणारे बरेच असतात. ती मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी आहे. पिवळी पाटी, ठरावीक मुदतीने फिटनेस, आणि मागे माणूस बसवायची परवानगी नाही. ती खाजगी करून घेण्यासाठी वडाळा किंवा अंधेरी आरटीओचे जिने किती चढावे लागतील, याचा हिशेब किमतीत धरा.

कन्व्हर्ट करावी का?

पहिल्या गाडीला माझं उत्तर नाही असंच आहे. निदान खिळे ठोकून तरी नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, आरसीवर नोंदलेला आणि उत्पादकाने दिलेला मूळ तपशील गाडीशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. सीट काढून टाकली की आसनक्षमता बदलते, आणि तो आकडा आरसीवर छापलेला असतो. छत कापून उंच केलं, बाजूला खिडकी पाडली, तर प्रश्न आणखी मोठा. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी हमखास उकरला जातो. घरासारखी पक्की गाडी हवीच असेल तर त्यासाठी वेगळा रस्ता आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे, त्यानुसार मान्यताप्राप्त बिल्डरकडून काम करून आरसीवर तशी नोंद घ्यायची. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण तो खर्च पहिल्या गाडीवर करायचा नसतो.

मधला मार्ग सोपा आहे: जे काही कराल ते दोन माणसांना दहा मिनिटांत उचलून बाहेर ठेवता आलं पाहिजे. सुटी पेटी, सुटी फळी, घडीची गादी. ते सामान ठरतं, बदल ठरत नाही. फक्त पट्ट्याने घट्ट बांधा, नाहीतर अचानक ब्रेक लावल्यावर पेटी तुमच्या पाठीत येईल. मुंबईकराची गाडी सोमवारी गाडीच असावी लागते. आईला डॉक्टरकडे न्यायचं असतं, दादरहून भाजीफुलं आणायची असतात. माझ्या आईने पहिला पलंग बघून एकच वाक्य उच्चारलं होतं, "आता मी कुठे बसू, ड्रॉवरमध्ये?"

वजन: दिसत नाही, म्हणून वाढतं

8 बाय 4 फुटांचा 18 मिमी प्लायचा एक ताव साधारण 32 ते 38 किलो भरतो. 12 मिमीचा 21 ते 25. माझ्या पलंगात असे अडीच ताव गेले होते, वर सनमायका, ड्रॉवरचे चॅनल आणि स्क्रू वेगळे. म्हणजे जवळजवळ दीड माणूस कायमचा गाडीत बसवला होता. त्यात 20 लिटरचे दोन पाण्याचे जार म्हणजे 40 किलो, घरच्या इन्व्हर्टरची टब्युलर बॅटरी 50 किलो आणि आपण दोघं. छोट्या व्हॅनची वाहून न्यायची ताकद साधारण पाच माणसं आणि त्यांचं थोडं सामान एवढीच असते. कसारा घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडू लागली तर इंजिनाला दोष देण्याआधी गाडी रिकामी करून बघा.

मिस्त्री 18 मिमीच म्हणणार, कारण घरातल्या कपाटाला तेच लागतं. तुम्ही 12 मिमीवर अडून बसा आणि खाली अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकट घ्या. ड्रॉवर नको, वरून उघडणारं झाकण पुरे. पेटीची उंची आठ इंचांच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे बसता येईल. प्लाय घेताना आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का बघा आणि कापलेल्या कडांना वॉर्निश किंवा प्रायमर लावून घ्या, कारण पाणी कडेतूनच शिरतं.

आणखी एक: ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलता येणार नाही अशी फळी तिच्या मागे अडकवलीत तर साधं ऑइल बघायला सगळा संसार बाहेर काढावा लागेल. स्टेपनी, जॅक आणि पानाही तसेच हाताशी हवेत. तळात ड्रिल करण्याचा विचार आला तर आधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि सीएनजीची 200 बार दाबाची नळी, सगळ्या तिथूनच धावतात.

वीज: बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियनला बोलावू नका

तो हुशार असतो, पण 230 व्होल्टच्या जगातला. 12 व्होल्टवर तीच वॅट खेचायची तर करंट वीसपट होतो. 1,000 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बॅटरीतून 90 ते 100 अँपिअर ओढतो. तिथे घरातली दीड स्क्वेअर मिमीची वायर टाकली तर ती तापते, वितळते आणि शेजारी फोमची गादी असतेच. बॅटरीच्या टोकाला अगदी जवळ फ्यूज हवा, तोही वायरच्या क्षमतेनुसार. जाड वायर लोहार चाळीत आणि 12 व्होल्टचे पंखे, फ्यूज होल्डर लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.

आधी गरज मोजा. पंखा 20 वॅट गुणिले 8 तास म्हणजे 160 वॅट-अवर. दोन मोबाइल 30. एलईडी दिवा 20. एका रात्रीला 210. 12.8 व्होल्टची 50 अँपिअर-अवर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 640 वॅट-अवर देते, म्हणजे तीन रात्री निघाल्या. यात फ्रिज आला की दिवसाला तीनशे ते पाचशे वॅट-अवरची भर पडते आणि सगळा हिशेब कोलमडतो. दोन दिवसांसाठी थर्माकोलचा खोका आणि बर्फ पुरतो. कोळीणमावशी त्यावरच पापलेट ताजं ठेवतात, आपलं दूध काय घेऊन बसलात. इंडक्शन आणि एसी बॅटरीवर चालवायचं स्वप्न या आकाराच्या गाडीत बघू नये. सोलर पॅनेल पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा आपण हौसेने घाटात जातो तेव्हाच, जवळजवळ झोपलेलं असतं.

सकाळी गाडी सुरूच होत नाही, फक्त टकटक आवाज येतो? रात्रभर पंखा गाडीच्याच बॅटरीवर चालला. स्टार्टरची बॅटरी आणि झोपायची बॅटरी वेगळी ठेवा. लिथियम बॅटरी डायनॅमोला थेट जोडू नका, मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर लागतो, नाहीतर छोट्या गाडीचा डायनॅमो भाजून निघतो.

ओल, वास आणि गंज

दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामातून अर्धा लिटरच्या वर पाणी हवेत सोडतात. काचा बंद असतील तर ते पत्र्यावर जमतं, थेंब होऊन गादीखाली उतरतं आणि आठवड्याने गाडीला ओल्या गोणपाटाचा वास येऊ लागतो. उपाय परफ्यूमचा नाही. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवा, वर पावसाळी पन्हाळी लावा, आत वेल्क्रोची जाळी. गादीखाली लाकडी पट्ट्या ठेवा, सलग फळी नको. घरी आल्यावर गादी गॅलरीत उभी करा, गाडीत गुंडाळून ठेवू नका. छताला व्हेंटसाठी भोक पाडू नका. मुंबईचा पाऊस सिलिकॉनमधली फट शोधून काढतो.

समुद्राजवळ मुक्काम झाला की दुसऱ्या दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. वाळूवर गाडी उतरवूच नका. भरती आली की काशिदला काय आणि अलिबागला काय, ट्रॅक्टरवाला मागेल तो भाव द्यावा लागतो.

ज्याला माफी नाही

इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपणं, आत स्टोव्ह पेटवणं, थंडीत शेगडी आत घेणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होतं आणि झोप गाढ लागते. स्वयंपाक बाहेर, मागचं दार वर उचलून त्याच्या आडोशाला करा, आणि सीएनजीच्या टाकीपासून लांब. गाडी घेतल्यानंतर मी पहिल्यांदा काय विकत घेतलं असेल तर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म.

उरलेल्या किरकोळ तक्रारी

उशी घेऊनही डोकं दुखतं: गाडी उतारावर उभी आहे, डोकं वरच्या बाजूला करा किंवा चाकाखाली फळी घाला. फळ्या करकरतात: सांध्यांत जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे घाला. बाहेर पडल्यावर मच्छर आत: जाळी दाराला नाही, झोपायच्या जागेला लावा. शौचालय: ढाबा, एसटी स्टँड किंवा पेट्रोल पंप बघूनच मुक्काम ठरवा, बादलीची व्यवस्था फक्त रात्रीच्या अडचणीपुरती. आणि मुक्कामाची जागा उजेड असताना गाठा. अंधारात जी सपाट मोकळी जागा वाटते, ती सकाळी सहाला कुणाच्या तरी दुधाच्या टेम्पोची वाट निघते.