ऑटिझम असलेलं मूल आपणहून बोलावं म्हणून

आधी "काय पाहिजे?" विचारणं थांबवा. त्या प्रश्नाची सवय लागलेलं मूल प्रश्न आला तरच बोलतं.

मुलाचा जीव ज्यात अडकलाय अशी एकच वस्तू घ्या. चित्रातलं सफरचंद नको, साबणाच्या फुग्यांची बाटली घ्या. ती दिसू दे, पण झाकण त्याला उघडता येणार नाही इतकं घट्ट लावा.

शब्द द्यायचा तो त्याच्या तोंडी शोभेल असा. "तुला फुगे हवेत का?" विचारत राहिलात तर मागताना ते "तुला फुगे हवेत का" असंच म्हणेल. "सांग, उघड" म्हणालात तर "सांग"सकट परत येईल. नुसतं "उघड" म्हणा. माझ्याकडचा एक मुलगा कितीतरी महिने "मी आले" म्हणायचा, कारण ते आईकडून ऐकलेलं. बाबा रोज दारातून "मी आलो" म्हणत शिरू लागले, तेव्हा बदललं. अशा पुन्हा पुन्हा म्हणण्यावर रागावू नका, त्यात अर्थ असतो.

आता शब्द सुचवणं बंद करायचं. मी इथेच अडकले होते. बाटली हातात धरा, त्याच्याकडे वळा आणि गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. 1979 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसमोर जेवणाचं ताट 15 सेकंद नुसतं धरून ठेवलं. काही मुलं तेवढ्यानेच मागू लागली. मला वाटायचं मीही थांबतेय. मग मोबाइलवरचं चित्रण पाहिलं: तिसऱ्या सेकंदाला माझ्या भुवया वर जात होत्या आणि मुलगा त्या भुवयांची वाट बघत होता! चेहराही गप्प ठेवावा लागतो. तुमचंही चित्रण करून बघाच.

दहा आकडे झाले तरी काही नाही? एकदा "उघड" म्हणा आणि लगेच उघडा. बोट दाखवलं, चित्र हातात दिलं, नुसतं "उ" म्हटलं तरी ते मागणंच आहे, ताबडतोब द्या. डोळ्यात बघायची सक्ती नको. भूक, तहान, शू यांवर मुलाला ताटकळत ठेवू नका. मूल रडेपर्यंत ताणणाऱ्याला मी शिकवणारा मानत नाही.

मग तोच शब्द बागेत, मामाकडे, आजीसोबत. आजीला दहा आकडे आधी शिकवा. आणि पाहुणे आले की "काकांना नाव सांग" सुरू होतं, ते आजच बंद करा.