इमॅजिकाला जाताय? मुक्काम लोणावळ्यात नको

साताऱ्याहून इमॅजिका या थीम पार्कला एका दिवसात जाऊन येता येतं, पण संध्याकाळी पेंगणारी मुलं घेऊन परत खंबाटकी घाट चढायचा उत्साह कुणाला असतो? मुक्काम म्हटला की बहुतेकांना लोणावळाच आठवतं. शनिवार-रविवारी, त्यात पावसाळ्यात, तिथले दर चढलेले असतात आणि सकाळी खंडाळ्याचा घाट उतरताना गर्दीत वेळ जातो तो वेगळाच. पार्क घाटाखाली, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. त्यामुळे खोपोलीतलं साधं लॉज बघा. आजी-आजोबा बरोबर असतील तर पालीला बल्लाळेश्वर देवस्थानाचं भक्तनिवासही आहे. जागा मिळेल का, हे आधी फोन करून विचारा. दर्शनही होतं.

लॉजवाल्याला फोनवर नुसतं 'रूम केवढ्याला?' विचारू नका. जादा गादीचे किती, मुलांचे पैसे कितव्या वर्षापासून, गरम पाणी किती वाजेपर्यंत, गाडी आत लागते का, हेही विचारा. चेक-इन दुपारचं असतं, म्हणून आदल्या संध्याकाळी पोहोचा, सकाळी खोली सोडूनच पार्कात शिरा. एकाच रात्रीचं भाडं पडतं.

पुण्यात मावशी असेल तर हे सगळं विसरा.